सहा बिस्किटांचा डबा

६ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर सांगितलेलं माप फोनवरच राहतं, असं तूच म्हणतेस.

बाबा दवाखान्यातून घरी आले हे तुला कळलं आहेच. निघताना डॉक्टरांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. लोणी निम्मं, साखर निम्मी आणि रोज अर्धा तास चालणं. चालणं बाबांनी लगेच कबूल केलं. उरलेल्या दोन्हींना त्यांनी मान हलवली, पण तुझा भाऊ मान कशी हलवतो ते तुला मी काय सांगू! काल त्यांचा कोट झटकला तर खिशातून चॉकलेटच्या बिस्किटांचा पुडा निघाला, अर्धा संपलेला. विचारलं तर म्हणाले, "जुना आहे तो." कोट गेल्या आठवड्यातच धुऊन आलाय.

मग मीच घरी हलकी बिस्किटं करायची ठरवली. लोणी निम्मं केलं, साखर निम्मी केली, बाकी सगळं तसंच ठेवलं. जे काही निघालं ते दार अडवायला ठेवता येईल. बाबांनी एक तुकडा चावला, जिभेने दाढ चाचपून पाहिली आणि जाहीर केलं, "ताईने पास केलेलं बिस्किट आण. ती पास म्हणाली तर दुकानातलं सोडतो, शब्द देतो. तोवर हा सगळा भुसा."

एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात, चव बघायच्या खोलीत बसलेली बाई माझी सख्खी आत्या असताना मी एकटीने चाचपडत बसण्यात अर्थ नाही. मला मदत कर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत, आणि त्यांना हृदयाचा दुसरा झटका आला तर मी काय करणार, हा विचार चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतानाही डोक्यातून जात नाही.

तुझी,
मुंगी

१३ जानेवारी

चि. मुंगी,

आशीर्वाद. आधी बोलणी खा, मग कृती.

"निम्मं केलं, बाकी तसंच" हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. अगं, लोणी काय नुसतं चवीला असतं? ते पिठाला मोकळं ठेवतं. ते काढलंस की त्याच्या जागी दुसरं काहीतरी ओलं बसवायला हवं, नाहीतर पीठ एकमेकांना घट्ट धरून बसतं आणि तुझ्या बाबांच्या दाढा जातात.

आता नीट वाच. मैदा दीडशे ग्रॅम. लोणी साठ. सफरचंद सालं काढून, वाफवून, घोटून त्याचा गर पन्नास. साखर सत्तर. कोको तीस ग्रॅम, पण तो कोरडा टाकायचा नाही. दोन चमचे उकळत्या पाण्यात कालवून पाच मिनिटं झाकून ठेवायचा, म्हणजे तो जागा होतो आणि कमी चॉकलेटमध्ये भागतं. चॉकलेट चाळीस ग्रॅम, आणि ते सुरीने अगदी बारीक चिरायचं. मोठे तुकडे टाकले तर एका घासात सगळं आणि पुढच्या तीन घासांत काहीच नाही. एक अंडं, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नकोस, साखर कमी असली की तेच गोडीला वर काढतं. कमी लोण्याचं पीठ भट्टीत आपणहून पसरत नाही, म्हणून गोळे तळहाताने चपटे कर. तू त्यांना कुकी म्हण, आमच्या कारखान्यात सगळ्याला बिस्किटच म्हणायचे.

झाली की सहा बिस्किटं डब्यात घालून पाठव. सोबत चिठ्ठी हवी. गोडी किती, कडवटपणा किती, लोणी जाणवतं का, गिळल्यावर तोंडात काय राहतं. नवशिक्याने आधी आपलं मत लिहायचं आणि मग परीक्षकाने, हा आमच्या खोलीतला नियम. माझी सही झाल्याशिवाय तिथून एक घाणा बाहेर पडत नसे. तुझ्या बाबांना, माझ्या धाकट्याला, सांग, इथेही पडणार नाही.

आत्या

२४ जानेवारी

ती. आत्या,

डबा घे. तू सांगितलंस तसं तोलून मापून केलं आहे. फक्त गर थोडा जास्त पडला, म्हणजे ऐंशी ग्रॅम. सफरचंद उरलं होतं, टाकवेना.

चिठ्ठी लिहितेय. गोडी ठीक, पहिल्या घासाला कमी वाटते, दुसऱ्याला नाही. कडवटपणा थोडा, बरा वाटतो. लोणी जाणवत नाही, सफरचंदही नाही. गिळल्यावर तोंडात कोको राहतो आणि किंचित काहीतरी आंबट.

डबा बाबाच पोस्टात नेऊन टाकणार आहेत. पोस्ट बरोबर पंधरा मिनिटांवर आहे, जाऊन येऊन अर्धा तास होतो. डॉक्टर खूश, मी खूश. बाबाही खूश, हे मात्र मला संशयास्पद वाटतंय.

मुंगी

१ फेब्रुवारी

चि. मुंगी,

नापास.

बिस्किट हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी वाकवलं. तुटायला हवं होतं, ते वाकलं. तीस ग्रॅम गर जास्त, आणि वर तू पीठ बराच वेळ ढवळलं आहेस, हे मी इथे बसून सांगते. मैदा पडला की मोजून पंधरा वेळा फिरवायचं आणि हात आवरायचा. बरं बिस्किट कडेला एकदा कुरकुरतं आणि मधे त्याचा आवाज थांबतो. तुझं सुरुवातीपासून गप्प आहे.

चवीचं तू लिहिलंस ते बरोबर. पहिल्या घासाला गोडी कमी, दुसऱ्याला ठीक. आंबटपणा मलाही जाणवला, तो जास्तीच्या गराचा.

गर पन्नासच घाल. आणि मधला भाग ओला दिसत असतानाच भट्टीतून काढ, बाकीचं काम गरम ताटलीवर होतं. अकरा मिनिटं, बारा नाहीत.

धाकट्याची तब्येत कशी आहे ते लिही. तो मला नुसतं "उत्तम" असं लिहितो. शाळेत नापास झाला होता तेव्हाही घरी असंच लिहिलं होतं.

आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्या,

दुकानात आज मालाची मोजदाद आहे. सकाळी सहालाच बिस्किटं केली आणि पळतेय. या वेळी चिठ्ठी नाही, नियम मोडला म्हणून रागावू नकोस. मला वाटतं, जमलं. पण मी आधी काही सांगत नाही, तूच सांग. डबा टेबलावर ठेवलाय, बाबा बंद करून पोस्टात टाकतील.

मुंगी

१८ फेब्रुवारी

चि. मुंगी,

पास!

चिठ्ठी नव्हती, तरी चालवून घेतलं. काय सुरेख तुटतं गं! कडकन. रंग एकसारखा, खालून कुठे करपलेलं नाही, कडेची नक्षी तर साच्यातून काढल्यासारखी उठली आहे. ती कशी काढलीस, काट्याने? गोडी बेताची, कोको व्यवस्थित. लोणी निम्मं आहे हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही.

धाकट्याला हे पत्र वाचून दाखव आणि दिलेला शब्द पाळायला लाव. खाली सही केली आहे, कारखान्यात करायचे तशीच पूर्ण.

आत्या

२५ फेब्रुवारी

ती. आत्या,

माझ्या बिस्किटांना नक्षी नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझी बिस्किटं तळहाताने दाबलेली, वेडीवाकडी, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. कडकन तर ती तुटतच नाहीत, तूच सांगितल्याप्रमाणे मधे मऊ आहेत. मी पत्र बाबांच्या पुढ्यात धरलं. त्यांनी नक्षीपर्यंत वाचलं आणि कान लाल झाले.

मग सगळं बाहेर आलं. पोस्टासमोर बाक आहे. त्यावर बसून त्यांनी डबा उघडला, नुसता बघायला म्हणून. एक खाल्लं. मग दुसरं. "वाईट नव्हती गं," म्हणाले. पाच संपली तेव्हा त्यांना भान आलं. एकच बिस्किट ताईला कसं पाठवायचं, म्हणून सहावंही खाल्लं, समोरच्या दुकानातून पुडा घेतला आणि त्यातली सहा डब्यात भरली. संध्याकाळी मी घरी आल्यावर म्हणाले, "टाकला डबा."

मी हसत होते आणि ओरडतही होते. दोन महिने मी ज्याच्यासाठी मरतेय ते बिस्किट या माणसाने बाकावर बसून फस्त केलं आणि मला भुसा म्हणतोय! बाबाही हसत होते. मग एकदम थांबले. पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा वाचलं. "ताईला कळलं नाही?" असं मला विचारलं. मग हेच परत म्हणाले, पण मला नाही, असंच.

कारखान्यात शंभर बिस्किटांतलं एक शिळं तू डोळे मिटून काढायचीस, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. दुकानातल्या बिस्किटात लोणी दुप्पट आणि साखरही दुप्पट असते. ते तुला कळलं नाही असं कसं होईल? मी चिठ्ठी लिहिली तेव्हा तुला सगळं कळत होतं. या वेळी चिठ्ठी नव्हती.

आत्या, मी परीक्षा घेत नाहीये. काय झालंय ते सांग. बाबांनी तेव्हापासून बिस्किटाला हात लावलेला नाही, आणि हे मला त्यांच्या चोरून खाण्यापेक्षा जास्त टोचतंय.

मुंगी

१९ मार्च

चि. मुंगी आणि धाकट्या,

दोघांनी मिळून वाचा. तीन आठवडे लागले लिहायला. चार कागद फाडले.

ऑक्टोबरात मला सर्दी झाली होती. सर्दी गेली आणि वासही घेऊन गेली. आधी वाटलं येईल परत. मग एक दिवस कॉफी पिताना लक्षात आलं की मी गरम पाणी पितेय. गोड, खारट, आंबट जिभेच्या टोकाला कुठेतरी लागतं, पण सगळं पुसट, दूरचं. ते काय आहे, जुनं आहे की ताजं, लोण्याचं आहे की तेलाचं, काहीच कळत नाही.

कोणाला सांगितलं नाही. काय सांगायचं? लोक बाईला तिच्या रूपावरून ओळखतात, मला जिभेवरून ओळखायचे. मुंगीचं पत्र आलं तेव्हा वाटलं, अजून कोणीतरी विचारतंय. नाही म्हणवलं नाही.

नवशिक्याने आधी मत लिहायचं असा नियम कुठेच नव्हता. तू लिहिलंस आणि मी तेच फिरवून तुला परत लिहिलं. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण आत्या चुकेल असं तुला वाटलंच नाही. दुसऱ्या डब्यात चिठ्ठी नव्हती. मी तुटायचा आवाज ऐकला, रंग पाहिला आणि लिहून टाकलं. खरं तर आवाजावरूनच समजायला हवं होतं. गर घातलेलं बिस्किट असं कडकन तुटत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण मला पास म्हणायची घाई झाली होती. तुमच्यापैकी कोणालाही शंका येण्याच्या आत ते काम संपवायचं होतं.

एकतीस वर्षांत जे चाखलं नाही त्यावर मी सही केली नाही. सकाळच्या पाळीचे साहेब दारात उभे राहून घड्याळ दाखवायचे, तरी केली नाही. आणि सही केली ती सख्ख्या भावाच्या जिवाशी खेळ होता तिथे. याची मला लाज वाटते.

आणखी एक सांगते, मग थांबते. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. शेजारीण दार ठोठावत आली म्हणून वाचले. तेव्हा घाबरले नव्हते. तुझं पत्र वाचल्यावर घाबरले.

तुमची,
आत्या, ताई, जे काय असेल ते

२४ मार्च

ताई,

तुझं पत्र मुंगीने वाचलं, मी वाचलं, मग मुंगी न्हाणीघरात जाऊन रडून आली आणि मला म्हणाली साबण गेला डोळ्यात. आपल्या घरात सगळेच एकापेक्षा एक खोटारडे.

आता माझं ऐक. आयुष्यभर तू सांगितलंस आणि मी मान हलवली. आज तू हलव, आणि मी हलवतो तशी नको.

गॅस बंद. विजेची शेगडी मी इथून पाठवली आहे, शुक्रवारी येईल. शेजारणीला घराची एक किल्ली दे. नाकाच्या डॉक्टरकडे जा. चुकवलंस तर मी पुढच्या गाडीने येऊन दारात बसेन, आणि मला जिने चढायची बंदी आहे हे लक्षात ठेव.

मी माझी बाजू सांगतो. घरातले सगळे पुडे मुंगीच्या हवाली केले. कोटातला, चपलांच्या कपाटातला आणि टपालाच्या जुन्या पेटीतला. तिसरा तिला कधीच सापडला नसता, तरी दिला.

आणि चव. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, म्हणजे डोळा तरी शिकलेला आहे. जिभेलाही शिकवतो. तुमच्या कारखान्यात चिठ्ठी असायची ना, चार रकाने आणि खाली सही? तशाच पन्नास छापून घेतल्या, जुन्या मित्राने यंत्र चालवू दिलं. मुंगीने कालच त्या दुसऱ्या डब्यासारखाच घाणा केला. मी एकच बिस्किट घेतलं. घोटभर पाणी प्यायलो, खिडकीपाशी बसलो आणि सावकाश खाल्लं. ताई, मी आयुष्यात पुडेच्या पुडे खाल्ले, पण बिस्किट पहिल्यांदाच खाल्लं. चिठ्ठी सोबत आहे, वाच.

गोडी: कमी, पण हळूहळू वाढते, शेवटी पुरते.
कडवटपणा: आहे. कॉफीसारखा, मागून येतो.
लोणी: कमी आहे हे कळतं. दुकानातल्यापेक्षा उणं आहे, खोटं लिहीत नाही.
मागची चव: कोको. मग जराशी भाजलेल्या सालीसारखी. दुसरं खावंसं वाटलं, खाल्लं नाही.

सहीची जागा रिकामी सोडली आहे. दोन बिस्किटं डब्यात आहेत. या वेळी डबा मुंगीने स्वतः बंद केला आणि पोस्टापर्यंत माझ्याबरोबर आली.

धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

नाक मुठीत धरून डॉक्टरकडे गेले. त्यांनी नळी घालून पाहिलं, आत अडथळा काही नाही म्हणाले. परत येईल किंवा येणार नाही, वर्षही लागू शकतं. रोज सकाळ-संध्याकाळ चार बाटल्या हुंगायला सांगितल्या आहेत. कॉफी, लवंग, लिंबाची साल आणि साबण. प्रत्येक बाटली मोजून वीस सेकंद, आणि तो वास कसा असायचा ते आठवत. शेजारीण म्हणते, तुम्ही बाटल्यांपुढे ध्यान लावून बसता. शेगडी आली. कूर्मगतीने तापते, पण चालते.

काल कॉफीच्या बाटलीत काहीतरी होतं. कॉफी होती असं मी म्हणणार नाही, ज्याची खात्री नाही ते आता लिहीत नाही. पण बाटली रिकामी नव्हती एवढं नक्की.

तुझी चिठ्ठी मी चार वेळा वाचली. "लोणी कमी आहे हे कळतं" असं लिहिलंस ना, तिथे मला हायसं वाटलं. आमच्या खोलीत नवा माणूस घेताना हेच बघायचे. चांगलं ते कोणीही सांगतं, उणं असलेलं लिहायला तयार होतो तोच ठेवायचा.

दोन बिस्किटांपैकी एक वाकवून पाहिलं. कडेला एकदा कुरकुरलं आणि मधे आवाज थांबला. दुसरं शेजारणीला दिलं नाही, मीच खाल्लं. काही कळलं नाही, पण तुझी चिठ्ठी समोर ठेवून, एकेक ओळ वाचत खाल्लं.

मुंगीला सांग, त्या मागच्या पत्रातली सही मी रद्द केली आहे. नवी चिठ्ठी भरून पाठवते आहे. सहीच्या जागी मी मधे रेघ मारून दोन भाग केले. डाव्या भागात तुझं नाव घातलंय, त्यावर तू सही कर, मग चिठ्ठी स्वयंपाकघरात लावा. उजवीकडे मी केली आहे.

चव: पास. धाकटा.
आवाज: पास. ताई.